टोर खुद्री: भीमेतल्या माशांना नावं कुणी दिली?

मिस्टस सींगटी. रिटा गोग्रा. गारा मल्या. लॅबिओ पोटेल.

ही चार नावं जरा मोठ्याने वाचा. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात ती तिरप्या अक्षरांत छापलेली असतात, म्हणून आपण ती लॅटिन समजून पुढे जातो. पण प्रत्येक नावाचा दुसरा शब्द कानाला ओळखीचा वाटतो की नाही? सींगटी म्हणजे आपली शिंगटी. मल्या म्हणजे मळ्या. हे शब्द भीमा, मुळा-मुठा, घोड या नद्यांच्या काठावरचे मराठी शब्द आहेत, आणि १८३८ सालापासून ते जगभरच्या शास्त्रात जसेच्या तसे वापरात आहेत.

संशोधनाची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की ज्यांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही अशा लोकांचा इतिहास कसा लिहायचा? साधनं कुठून आणायची? आज त्याचं एक उदाहरण देते. सोलापूर जिल्ह्यातून वाहणाऱ्या भीमेवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या भोई आणि कोळी समाजांच्या ज्ञानाचा सगळ्यात जुना छापील पुरावा, माझ्या मते, या माशांच्या शास्त्रीय नावांमध्ये दडलेला आहे. तो वाचता येतो. कुठपर्यंत वाचता येतो आणि कुठे थांबावं लागतं, हेही बघू.

आधी माणूस. विल्यम हेन्री साईक्स (१७९०–१८७२) हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सैन्यातला अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर नव्या मुलखाची मोजदाद करायला १८२४ साली त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमलं. जमीनधारणा, पिकं, लोकसंख्या, हवामान, पक्षी, प्राणी असं सगळं तो नोंदवत फिरला. १८३१ ला तो विलायतेला परतला आणि १८३८ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे त्याने दख्खनच्या माशांवरचा निबंध वाचला. ‘दख्खनचा इतिहास’ विषय असलेले विद्यार्थी साईक्सचे महसुलावरचे लेख वाचतात, आणि माशांचा निबंध प्राणिशास्त्रवाल्यांसाठी सोडून देतात. हे नुकसानीचं आहे.

या निबंधात साईक्सने नवीन माशांना नावं देताना बऱ्याच ठिकाणी स्थानिक नावच जातीचं नाव म्हणून घेतलं. त्यामागचा हिशोब व्यवहारी होता. पुढे कुणी अभ्यासक या भागात आला, तर त्याने मासेमाराला तेच नाव सांगावं आणि मासा मिळवावा. म्हणजे शास्त्रीय नाव हे नदीकाठी विचारायचा प्रश्नही होतं.

असं करणारा तो एकटा नव्हता. पॅसिफिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर मिळणारा सॅमन तुम्हाला निदान डब्यावरच्या चित्रातून माहीत असेल. समुद्रात वाढतो, अंडी घालायला नदीत उलटा चढतो. आपल्याकडचे ‘चढणीचे मासे’ आठवा: पहिल्या पावसाच्या लोंढ्याला ओढ्यात, थेट शेताच्या चरापर्यंत चढणारे. फरक इतकाच की पॅसिफिकचा सॅमन अंडी घातली की मरतो, आपले मासे परत फिरतात. तर या सॅमनच्या पाच मुख्य जातींची शास्त्रीय नावं गोर्बुशा, केटा, किसुच, नेर्का आणि चाविचा अशी आहेत. ती १७९२ साली ल्युबेक शहरातल्या वालबाऊम नावाच्या डॉक्टरने छापली. वालबाऊमने कामचाटका कधी पाहिलं नव्हतं. ही नावं त्या किनाऱ्यावर बोलली जाणारी होती, काही रशियन तोंडची, काही तिथल्या मूळ रहिवाशांकडून आलेली, आणि ती टिपली होती पन्नासेक वर्षं आधी तिकडे गेलेल्या श्टेलरसारख्या निसर्गतज्ज्ञांनी. म्हणजे पॅसिफिकवर काय आणि भीमेवर काय, मासा ओळखणारे आणि त्याचं नाव ठेवणारे लोक आधीपासून होते. युरोपातल्या कागदाने त्यावर शिक्का मारला.

आता खरं काम. नाव वाचायचं कसं?

साईक्स मराठी शब्द इंग्रजी कानाने ऐकून इंग्रजी अक्षरात लिहितो. त्याचं अक्षरांतर आजच्यासारखं नाही. तेव्हा आधी त्याच्या सवयी शोधायच्या, आणि त्या माशांवरून नाही, जे शब्द आपल्याला नक्की माहीत आहेत त्यांवरून शोधायच्या. सगळ्यात सोपी जागा म्हणजे गावं आणि नद्या. निबंधाच्या शीर्षकातच ‘दख्खन’ हा शब्द तो ‘डुखुन’ वाचला जाईल असा लिहितो. म्हणजे इंग्रजी ‘यू’ हे अक्षर त्याच्याकडे बहुतेक वेळा ‘अ’ असतं. ‘उ’साठी तो दोन ‘ओ’ वापरतो, ‘ई’साठी दोन ‘ई’. घोड नदी तो ‘गोरेह’ लिहितो, म्हणजे ‘ड’ त्याला ‘र’सारखा ऐकू येतो आणि ‘घ’मधला हकार गळतो. मुळा-मुठा ‘मोटा मोला’ होते, म्हणजे ‘ळ’ आणि ‘ल’ यांत त्याच्याकडे फरक नाही आणि ‘ठ’चा ‘ट’ होतो.

ही किल्ली हातात आली की बरीच कुलपं उघडतात. निबंधात भीमेवरचं ‘पैरगाव’ येतं. नकाशा उघडलात तर भीमेकाठी दौंड तालुक्यात पारगाव दिसेल आणि श्रीगोंदा तालुक्यात पेडगाव. नुसत्या उच्चाराच्या साम्यावर गेलात तर पारगाव धराल. पण घोडचं ‘गोरेह’ करणारा माणूस पेडगावचं ‘पैरगाव’च करणार. शिवाय पेडगाव म्हणजे बहादूरगडाचं गाव, लष्करी अधिकाऱ्याच्या ओळखीचं. मी पेडगावच्या बाजूने आहे. असा निर्णय प्रबंधात लिहिताना कारणासकट लिहायचा. तळटीपेत ‘पैरगाव म्हणजे पेडगाव’ एवढंच ठोकून दिलंत तर परीक्षक विचारणारच.

आता मासे. गारा मल्या यातलं ‘मल्या’ हे साईक्सने ‘यू’ घालून लिहिलंय. ते ‘मुल्या’ वाचायचं नाही. मळ्या हा लहानसा, दगडाला चिकटून राहणारा मासा. हायप्सेलोबार्बस कोलस म्हणजे कोळस किंवा कोळशी. आणि आपल्या शीर्षकातला टोर खुद्री? हा दख्खनचा महाशीर, पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत साईक्सला मिळालेला. मराठी पुस्तकांत सगळे ‘खुद्री’ लिहितात, मीही शीर्षकात तेच ठेवलं, कारण तुम्ही तेच शोधणार. पण वरची किल्ली लावली तर पहिलं अक्षर ‘ख’ व्हायला हवं, ‘खु’ नाही. मग खद्री? खड्री? या माशाला आजही ‘खडशी’ म्हणतात, ते याच्या जवळ जातं. इथे मी निकाल देत नाही, कारण एका अक्षरावर एवढं वजन पेलत नाही.

काही नावांत तर निरीक्षण सांडलेलं आहे. रिटा गोग्रा घ्या. ‘घोड’मधला हकार गळतो हे आपण पाहिलं, तर गोग्रा म्हणजे घोगरा. या गटातले अनेक काटेरी, मिशाळ मासे पाण्याबाहेर काढले की छातीच्या काट्यांच्या घर्षणातून आवाज करतात. ज्याने मासा हातात धरलाय त्यालाच सुचेल असं हे नाव आहे. काचेच्या बरणीतल्या मेलेल्या माशावरून ते ठेवता येत नाही. शिंगटीही तशीच, काटा शिंगासारखा लागतो म्हणून. इंद्रायणीतून घेतलेल्या एका माशाचं नाव ‘नुक्ता’ आहे. त्याच्या तोंडावर खोल खाच असते, वर उंचवटा. आपला ‘नकटा’ शब्द आठवला ना? चोचीवर उंचवटा असलेल्या एका बदकालाही हिंदीत नकटा म्हणतात.

आता मोह आवरायची जागा. लॅबिओ पोटेल. इंग्रजी कागदपत्रांत पाटलाला ‘पोटेल’ लिहायची पद्धत होती. मग या माशाला भीमेकाठी ‘पाटील’ म्हणत होते का? मला हे फार आवडलं असतं, आणि सेमिनारमध्ये हशा पिकला असता. पण उच्चाराचं साम्य हा पुरावा नव्हे. दुसऱ्या साधनात त्याच माशाला तेच नाव सापडेपर्यंत ते वहीच्या समासात राहतं. पडताळणीसाठी पहिली जागा म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश. त्याची पहिली आवृत्ती १८३१ ची, म्हणजे साईक्स परतला त्याच वर्षाची, आणि सुधारित आवृत्ती १८५७ ची. इंटरनेटवर तो फुकट शोधता येतो. दुसरी जागा म्हणजे फ्रान्सिस डे याचं १८७५ ते १८७८ मधलं भारतातल्या माशांवरचं मोठं पुस्तक, त्यात जातीगणिक स्थानिक नावं दिलेली असतात. तिसरी जागा नदीकाठ.

आता साईक्स काय सांगत नाही, ते. त्याच निबंधात काही मासे माणसांच्या नावाने आहेत. भीमेच्या खोऱ्यातल्या एका थोराड, राक्षसी तोंडाच्या माशाचं नाव यारेली आहे, लंडनचे निसर्गअभ्यासक विल्यम यारेल यांच्यावरून. व्हिगोर्स आणि ओगिल्बी या झूऑलॉजिकल सोसायटीतल्या मंडळींच्याही वाट्याला एकेक मासा आला. पेडगावच्या काठावर ज्याने जाळं ओढून मासा आणून दिला, त्याचं नाव कशालाच मिळालं नाही. शब्द घेतला, बोलणारा राहिला.

आणि मासा पकडला कसा, कोणत्या महिन्यात, कोणत्या डोहात, साफ कुणी केला, खारवला की वाळवला की त्याच दिवशी कालवणात गेला? निबंध वर्गीकरणाचा आहे, त्यामुळे हे प्रश्न त्याच्या चौकटीबाहेर पडले. पुढच्या साधनांतही ही फाटाफूट कायम राहते. १८८४ चं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटियर उघडा. बॉम्बे गॅझेटियर मालिकेचा साचाच असा आहे, की मासे ‘उत्पादन’ या प्रकरणात गाईगुरांच्या मागे, आणि भोई, कोळी ‘लोकसंख्या’ या प्रकरणात जातींच्या यादीत. मासा एका प्रकरणात, मासेमार दुसऱ्यात, आणि दोघांमध्ये जे घडतं ते कुठेच नाही. अनुक्रमणिकाही साधन असते, ती अशी वाचायची.

नोंद वेगळी होऊ शकली असती का? होऊ शकली असती, आणि याचा दाखला साईक्सच्या आधीचा आहे. १८०५ च्या ऑक्टोबरात अमेरिकन सैन्यातलाच एक अधिकारी, विल्यम क्लार्क, कोलंबिया नदीवरच्या धबधब्यांपाशी पोचला. तिथल्या मूळ रहिवाशांनी सॅमन कसा उन्हावाऱ्यात सुकवला, दोन दगडांमध्ये कुटून बारीक केला, गवत आणि लव्हाळ्याच्या टोपलीत आतून माशाचंच वाळलेलं कातडं ताणून लावून त्यात दाबून भरला, आणि असा मासा वर्षानुवर्षं टिकतो, हे त्याने रोजनिशीत उतरवून ठेवलं. हाच कुटलेला मासा दूरदूरच्या टोळ्यांशी व्यापाराचा माल होता. एका परिच्छेदात अन्न, तंत्र आणि अर्थव्यवस्था!

त्याच्याही पुढचं उदाहरण जॉर्ज हंट यांचं. त्यांची आई त्लिंगिट, वडील इंग्रज, आणि ते कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर क्वाक्वाकावाक्व लोकांत वाढले. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआससाठी त्यांनी अनेक वर्षं तिथल्याच भाषेत मजकूर लिहून पाठवला. १९२१ साली तो दोन जाडजूड भागांत छापला गेला. त्यात सॅमनच्या पाककृतीच पानंच्या पानं आहेत. पाठीचा कणा काढताना सुरी कुठून घालायची, डोकी कशी भाजायची, अंडी कशी साठवायची, धुराच्या घरात कोणता तुकडा कुठे टांगायचा. मूळ भाषेतला मजकूर आणि त्याचं इंग्रजी, दोन्ही. स्वयंपाकाचं हे ज्ञान हंट यांना घरातल्या बायकांकडून मिळालं होतं आणि मुखपृष्ठावर लेखक म्हणून नाव बोआसचं होतं, हंट यांचं फक्त माहिती गोळा करणारे म्हणून, तेव्हा तिथेही सगळं सरळ नाही. पण पद्धत आणि जिन्नस टिकले.

‘पाककृती टिकल्या, बरं झालं, पण त्याने काय होतं?’ असं वाटत असेल तर पुढचं बघा. वॉशिंग्टन राज्यातल्या मूळ रहिवाशांनी १८५४-५५ च्या तहांमध्ये जमीन सोडली, पण आपल्या नेहमीच्या जागांवर मासेमारी करायचा हक्क राखून ठेवला होता. पुढे राज्य सरकार त्यांनाच अवैध मासेमार म्हणून पकडू लागलं. प्रकरण न्यायालयात गेलं. नेहमीच्या जागा कोणत्या, तहाच्या वेळी कोण कुठे, कशाने, कोणता मासा धरत होतं, हे सिद्ध करावं लागलं. बार्बरा लेन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जुन्या नोंदी आणि वृद्धांच्या आठवणी जुळवून साक्ष दिली. १२ फेब्रुवारी १९७४ रोजी न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांपैकी निम्म्यांवर तह करणाऱ्या जमातींचा हक्क मान्य केला, आणि १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम ठेवला. कुणीतरी कधीतरी टिपलेली जागांची आणि जाळ्यांची नावं शंभर-सव्वाशे वर्षांनी कोर्टात उभी राहिली.

क्लार्कने ज्या भागात कुटलेला सॅमन पाहिला, तिथला सेलिलो धबधबा मात्र १० मार्च १९५७ रोजी द डॅल्स धरणाच्या पाण्याखाली काही तासांत गेला.

आता भीमेवर या. उजनी धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला पूर्ण झालं. माढा तालुक्यात भिंत, आणि पाण्याचा फुगवटा सोलापूर, पुणे, अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर येतं, त्याचे फोटो तुम्ही दर उन्हाळ्यात बघता. डोह वर येत नाहीत, त्यांचे फोटोही नाहीत. वाहती नदी संपून तलाव झाला. चढणीच्या माशांच्या वाटेवर भिंत आली. ज्याची जमीन गेली त्याच्याकडे सातबारा होता, म्हणून निदान भांडता तरी आलं. नदीचा सातबारा भोयाच्या नावावर कधीच नव्हता. १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा सगळा हिशोब जमिनीभोवती फिरायचा. पाण्यावर पोट असलेली मासेमार आणि नावाडी कुटुंबं ‘बाधित कुटुंब’ या व्याख्येत स्पष्ट शब्दांत आली ती २०१३ च्या कायद्यात. उजनी भरून तोपर्यंत तीन दशकं उलटली होती. आणि २०१३ च्या कायद्यातही अट आहे, की संपादनाआधीची तीन वर्षं उपजीविका त्यावरच अवलंबून होती हे दिसलं पाहिजे. दाखवायचं कशावरून?

उजनीत आज मासे नाहीत असं नाही. भरपूर आहेत. भिगवण, इंदापूरच्या रस्त्याला थाळी घेऊन बसलात तर बहुतेक वेळा पुढ्यात येते ती चिलापी. हा मासा आफ्रिकेतला, भारतात १९५२ ला आणलेला, कसल्याही पाण्यात तगणारा. पण त्याच्या नावाचा प्रवास बघा. दक्षिण आफ्रिकेतल्या त्स्वाना भाषेत माशाला जो शब्द आहे, त्यावरून अँड्र्यू स्मिथने १८४० साली ‘टिलापिया’ हे शास्त्रीय नाव घडवलं. म्हणजे साईक्सच्या निबंधानंतर दोनच वर्षांनी. ते शास्त्रीय नाव सरकारी मत्स्यबीजाबरोबर आपल्याकडे आलं आणि काठावर त्याची ‘चिलापी’ झाली. एकोणिसाव्या शतकात भीमेची शिंगटी लंडनला जाऊन लॅटिन झाली, विसाव्यात एक आफ्रिकन शब्द लॅटिनमधून येऊन मराठी झाला. शब्द घडवायची काठावरची सवय अजून शाबूत आहे, याचा मला यात पुरावा दिसतो.

ज्यांनी धरणाआधीची वाहती भीमा जाळ्याने ओळखली ते लोक आज सत्तरीच्या पुढे आहेत. तुमच्यापैकी कुणी या विषयावर सिनॉप्सिस लिहायचा विचार करत असाल तर दोन-तीन गोष्टी सांगते. साईक्सच्या नावांची यादी वाचून दाखवू नका. समोरचा माणूस मान डोलावतो आणि तुमची नोंद बिघडते. माशाचं चित्र किंवा मासाच पुढे ठेवा आणि गप्प बसा, नाव त्यांच्या तोंडून येऊ द्या. उच्चार रेकॉर्ड करा, कारण ‘ळ’ की ‘ल’ हा साईक्सने मिटवलेला फरक फक्त तिथेच परत मिळू शकतो. एकाच माशाला लहानपणी एक नाव आणि मोठेपणी दुसरं, असंही निघतं, तेव्हा आकार विचारा.

आणि फक्त पुरुषांना भेटून परत येऊ नका. मासा काठावर आला की पुढचं काम बायकांचं, साफ करणं, वाटे घालणं, डोक्यावर पाटी घेऊन बाजार करणं. कोणता मासा वाळवण्याजोगा, कोणता त्याच दिवशी संपवायचा, कोणाला काळं तिखट चालतं आणि कोणाचा वास कशाने जातो, ज्वारीच्या बदल्यात मासे दिले जायचे का आणि किती, हे त्यांना विचारा. गावाचं, डोहाचं नाव विचारा. आता तो डोह कुठे आहे हेही विचारा, आणि हाताने दाखवतील ती दिशा वहीत काढून ठेवा, कारण ती जागा आता पाण्याखाली आहे आणि गुगलच्या नकाशावर तिथे नुसता निळा रंग आहे.

माझ्याकडच्या यादीत सध्या अकरा नावं आहेत. पोटेलपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे.